पहिल्या पट्टीवरची पावलं

६ जानेवारी, सोमवार

आज पुन्हा तीनच्या सुमारास सुरू. टक्, मग काहीतरी जमिनीवरून घासत ओढल्याचा आवाज, मग पुन्हा टक्. माझ्या पलंगाच्या बरोबर वर. माणसाने जन्मभर नोकरी करावी, निवृत्त व्हावं, आणि दुपारी जरा डोळा लागतोय तोच वर कुणीतरी कपाट सरकवायला घ्यावं! वरच्या फ्लॅटमध्ये ते भाडेकरू आल्यापासून रोज हेच.

झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. थोडा वेळ सामसूम. मग पुन्हा सुरू, पण हळू. म्हणजे ऐकू गेलं होतं. ऐकू जाऊनही चालू ठेवलं, याला मी उद्धटपणा म्हणते.

९ जानेवारी, गुरुवार

वरची बाई लिफ्टमध्ये भेटली. पन्नाशीची असेल. केस कसेतरी बांधलेले, दोन्ही हातांत पिशव्या, एकीतून काठीच्या टोकाला बसवायची रबरी बुचं डोकावत होती.

"कशा आहात, मावशी?"

मी तिची मावशी कधी झाले ते मला कुणी कळवलेलं नाही. म्हटलं, "दुपारी झोप मिळाली असती तर बरी असते."

तिचा चेहरा पडला. "सॉरी हं. अर्धा तासच असतं ते. त्या वेळी त्यांना जरा उत्साह असतो, म्हणून."

कुणाला उत्साह असतो हे विचारण्याआधी माझा मजला आला. अर्थात विचारायचं कारणही नव्हतं. लोकांच्या उत्साहाचा त्रास मला का?

११ जानेवारी, शनिवार

सेक्रेटरींकडे गेले. ते दातांचे डॉक्टर. तळमजल्यावरच दवाखाना आहे. आत खुर्ची आणि बाहेर दोन बाकं ठेवली की पाय ठेवायला जागा नाही. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं.

"ताई, तोंडी तक्रारीला समितीत कोण विचारतो? पुरावा आणा. मग बघा मी काय करतो ते."

वरच्या फ्लॅटचा मालक परदेशात आहे, भाडेकरू निघाले तर विकून मोकळं व्हायचं म्हणतोय, हेही त्यांनी सांगितलं. किती बारीक लक्ष असतं या माणसाचं! माझ्या तक्रारीत इतका रस आजवर कुणी घेतला नव्हता.

आणि पुरावा म्हणजे काय हे मला शिकवायला नको. सारी नोकरी मी कोर्टात लघुलेखिका म्हणून केली. साक्षीदार रडला, अडखळला, खोटं बोलला, तरी जे बोलला तेच माझ्या कागदावर उतरलं. शब्द कमी नाही, शब्द जास्त नाही. न्यायाधीश बदलत गेले, पण माझ्या कागदावर कुणी कधी बोट ठेवलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

खडू येऊन गेली. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर होतो. ती तेव्हा इतकी पांढरी आणि बारीक होती की तिचं नाव खडू पडलं, आणि माझ्या जिभेमुळे माझं सुई. आता ती बारीक राहिलेली नाही. माझ्या जिभेत मात्र काही फरक नाही असं तिचं म्हणणं. रेडिओवर नाटिकांसाठी आवाज तयार करण्याचं काम तिने केलं. वाटाणे सुपात फिरवले की पाऊस, कागद चुरगाळला की आग.

"तुला झोप हवी आहे की भांडण हवं आहे?" तिने आल्या आल्या विचारलं.

"पुरावा हवा आहे."

"म्हणजे भांडण." असं म्हणून तिने पिशवीतून आपलं जुनं मशीन काढून टेबलावर ठेवलं.

दिसायला ते रुंद कॅसेट रेकॉर्डरसारखं. पण त्याच्या एका टेपवर चार वेगळ्या पट्ट्या असतात. एका पट्टीवर एक आवाज घ्यायचा, तो ऐकत ऐकत दुसरीवर दुसरा. मग चारही एकदम लावा नाहीतर एकेक. प्रत्येक पट्टीला वर-खाली सरकणारी कळ. शिवाय वेगाची एक कळ आहे, ती फिरवली की टेप अर्ध्या वेगाने पळते.

"मला एकच पट्टी पुरे. पुराव्याला चार कशाला?"

"उरलेल्या तीनवर शिव्या घाल."

खोलीत मायक्रोफोन ठेवून पाहिला तर पंख्याची घरघर आणि माझाच श्वास. वरचं जेमतेम. तेव्हा खडूने माझं बंद पडलेलं गजराचं घड्याळ फोडलं, त्यातली पितळी चकती काढली, तिला वायर जोडली आणि न्हाणीघरातून वर जाणाऱ्या नळाला चिकटपट्टीने बांधून टाकली. "हा नळ तुझा कान," म्हणाली. मी कानाला हेडफोन लावले आणि दचकले. वर कुणीतरी पेला ठेवला होता. जणू माझ्या दातांवर ठेवला.

२० जानेवारी, सोमवार

पुरावा मिळाला. आणि कसला पुरावा!

टक्. खर्रर्र. टक्. आणि मध्येच त्या बाईचा आवाज: "हं, पाय उचला. उचला ना. शाब्बास! आता वळायचं. घाई नको, मी धरलंय."

ती वर नाचाचे वर्ग चालवते! राहत्या इमारतीत, पाटी न लावता, धंदा! एका वेळी एकच शिष्य घेते, आणि तोही इतका मठ्ठ की त्या एका पावलापुढे जायला तयार नाही. त्याच्या जागी मी असते तर शिकवणी सोडली असती. तिच्या जागी असते तर शिष्याला सोडलं असतं. पण ती प्रत्येक पावलाला शाब्बास म्हणते. पैसे घेतले की म्हणावं लागत असेल.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज एक गंमत झाली. गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही.

सोमवारची टेप ओट्याशी लावून ठेवली होती, शब्द नीट उतरवून घ्यायचे म्हणून. एकीकडे भांडी विसळत होते. दुधाच्या पातेल्याचं झाकण हातातून निसटलं आणि फरशीवर गोल गोल फिरत बसलं. आणि ते बसलं ते नेमकं 'टक्' आणि 'खर्रर्र' यांच्या मधल्या जागेत, जणू ती जागा त्याचीच होती.

मी टेप मागे घेतली. झाकण पुन्हा टाकलं, या वेळी मुद्दाम. उशिरा पडलं. पुन्हा टाकलं. खालच्या मजल्यावरून कुणी ओरडेपर्यंत टाकत राहिले.

मग मायक्रोफोन ओट्यावर ठेवून झाकण दुसऱ्या पट्टीवर घेतलं.

हे मी कुणाला सांगणार नाही. शाळेत गाण्याच्या तासाला सिस्टर मला म्हणाल्या होत्या, "तू नुसते ओठ हलव, बाळ. आवाज काढू नकोस." सगळी वर्षं मी शेवटच्या रांगेत ओठ हलवत उभी होते. संगीत या विषयावर त्यानंतर मी मत दिलेलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

तिसऱ्या पट्टीवर टाइपरायटर. ओळ संपली की वाजते ती घंटी, आणि गाडी मागे सारल्याचा आवाज. चौथीवर किसणीच्या पाठीवरून फिरवलेला कंगवा. खडूला फोनवर ऐकवलं. तिने ते पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "आता वेग अर्धा कर."

केला. पातेल्याचं झाकण चॅपेलच्या घंटेसारखं झालं. किसणी म्हणजे कुणी दार उघडतंय, संपतच नाही असं दार. आणि वरचा तो मठ्ठ शिष्य एखाद्या दगडी राक्षसासारखा चालू लागला. धम्. घरंगळत आलेली दरड. धम्.

"सुई," खडू म्हणाली, "आमच्याकडे लोक पगार घेऊन याहून वाईट करायचे."

जेवायची आठवण राहिली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

मोठी अडचण. शिष्य सुधारतोय. 'खर्रर्र' आखूड होत चाललंय आणि दोन टक्-मधलं अंतरही. माझ्या झाकणाला जागाच उरलेली नाही. आज त्याने एकदा न घासता पाऊल टाकलं, नुसतंच टाकलं, आणि ती बाई टाळ्या वाजवत होती. मी इथे डोक्याला हात लावून बसले. सगळं पहिल्या टेपच्या मापाने बेतलेलं!

शेवटी किसणी काढून टाकली आणि चौथ्या पट्टीवर आजची पावलं घेतली. पहिलीवर जानेवारीची, चौथीवर आजची. एकाच वेळी लावली की वर दोघे तिघे चालत असल्यासारखे वाटतात. अर्ध्या वेगाने तर फौज. हे मात्र उत्तम झालंय, मीच म्हणते.

रोजच्या टेपा वेगळ्या ठेवते आहे, वर तारखा घालून. सवय.

९ फेब्रुवारी, रविवार

सेक्रेटरी स्वतः घरी आले, पुरावा ऐकायला. आधी मी साधी टेप लावली, पहिली पट्टी तेवढी.

"ताई, यात काही दम नाही हो. घरात माणूस चालणारच. समिती हसेल."

मला राग आला. टेपा काय कमी जपून घेतल्या होत्या? आणि खरं सांगायचं तर गेले काही दिवस मला कुणीतरी ऐकणारं हवं होतं. म्हटलं, "मग हे ऐका. यावर मी थोडं काम केलंय."

चारही पट्ट्या, अर्धा वेग. ते पुढे झुकले. मोबाइल काढून मशीनजवळ धरला. "पुन्हा लावा," म्हणाले. पुन्हा लावलं. शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकलं त्यांनी.

"हे! हे पाहिजे होतं. कमाल केलीत, ताई. सगळ्यांना ऐकवतो."

"सगळ्यांना नको," मी म्हटलं, पण फार जोरात नाही.

ते गेल्यावर आरशात पाहिलं तर मी हसत होते. दाताच्या डॉक्टरला संगीताची जाण असेल असं वाटलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज समितीची सभा होती. खोकल्यामुळे गेले नाही. संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन: "काम झालं. पुढच्या महिनाअखेर घर सोडायची नोटीस. धंदा चालवतात म्हणून आणि आवाजासाठी म्हणून. तुमच्या टेपने सगळे गार पडले."

झाडूचा दांडा जिंकला तर. चहा केला, साखर जास्त पडली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सभेपासून वर चिडीचूप. नळाला कान लावून बसते. पाणी, कपबशी, कधीतरी खुर्ची. तीन वाजतात, काही नाही. शिकवणी बंद केली वाटतं. झोपायला हरकत नव्हती. झोप आली नाही.

नवीन काही करायला घेतलं, कात्री, चाव्यांचा जुडगा, पण त्याला पाया नाही. सगळं हवेत लटकतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी वरची बाई दारात. भांडायला आली असं समजून मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"मावशी, माफी मागायला आले," ती म्हणाली. "सभेत ऐकलं ते. आमचा आवाज खाली इतका घुमत असेल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. मी तिथेच रडले. तुम्ही इतके दिवस कसं सहन केलंत? आता गालिचा टाकलाय. आणि जाईपर्यंत आमचा काही त्रास नाही व्हायचा. ह्यांनी उठणंच सोडलंय."

"कुणी?"

"ह्यांनी. माझ्या मिस्टरांनी. गेल्या पावसाळ्यात झटका आला ना, डावी बाजू गेली. दुपारी मी चालवायचे त्यांना, वॉकर धरून. किती छान यायला लागलं होतं! मी घरी येऊन टेपचं सांगितलं, तर म्हणतात, लोकांच्या डोक्यावर नाचायचं नाही आपल्याला."

माझ्या तोंडून निघालं, "तुम्ही नाच शिकवत नाही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. रडायच्या अलीकडे जे हसू असतं तसं. "नाच! सांगते त्यांना. तेवढंच हसतील."

टेपबद्दल मी एक अक्षर काढलं नाही. तिला आत ये म्हटलं नाही. ती जिन्याने वर गेली आणि मी दार लावून घेतलं.

तिने ती टेप खरी मानली. स्वतःच्या कानांवर नाही, माझ्या टेपवर विश्वास ठेवला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यात गेले. या वेळी बाकावर बसले नाही.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, यावर काम केलंय."

"हो ना. मला वाटलं, आवाज स्वच्छ केलात."

"मी त्यात पातेल्याचं झाकण वाजवलंय! दोन वेगळ्या दिवसांची पावलं एकावर एक घातलीत. वेग अर्धा केलाय."

त्यांनी हातमोजे काढले, नीट घडी केली. "ताई, झालं ते झालं. तुम्हाला शांतता मिळाली. कशाला उकरून काढता? उलट लोक तुम्हालाच विचारतील, कोर्टातल्या बाईंनी असं कसं केलं म्हणून."

"आणि तुम्हाला काय मिळालं?"

"वरच्या फ्लॅटच्या मालकाशी बोलणं चाललंय," ते म्हणाले, आणि त्या दोन बाकांकडे पाहिलं.

इतके साक्षीदार माझ्यासमोर बसून गेले. कोण कशासाठी बोलतो हे मी त्यांच्या घसा खाकरण्यावरून ओळखत असे. आणि हा माणूस जानेवारीतच मला स्वतःच्या तोंडाने सगळं सांगून बसला होता. मी म्हटलं काय? किती बारीक लक्ष!

१ मार्च, शनिवार

खडूला सगळं सांगितलं.

"तू काय खोटं बोललीस? तू गाणं केलंस."

"गाणं लावून कुणी माणसं घराबाहेर काढत नाहीत."

"त्याने लावलं. तू नाही."

"माझ्या हातचा कागद होता तो, खडू. तो खरा असणार असं धरून लोक चालले. तेवढी एकच गोष्ट होती माझ्याकडे."

"मग सगळ्यांसमोर सांगावं लागेल. झाकणं, टाइपरायटर, सगळं. हसतील हं तुला."

"हसू देत."

"तुला? तुला कुणी हसलेलं खपतं?"

नाही खपत. म्हणून तर पुढच्या रविवारी सभा बोलवायला लावीन, तोवर ताप भरल्यासारखं होणार आहे.

९ मार्च, रविवार

सभा बोलवायला लावली. सेक्रेटरी नाही म्हणत होते. नियम काढून दाखवला. मशीन मीच खाली नेलं. वाहनतळाच्या कोपऱ्यात खुर्च्या मांडल्या होत्या. वरची बाई शेवटच्या रांगेत, पदर घट्ट ओढून.

मागच्या सभेत सगळ्यांनी ऐकलेलं तेच मी आधी लावलं. माना हलल्या: हेच ते. मग वेगाची कळ फिरवली. राक्षस एकदम साधा माणूस झाला आणि चॅपेलची घंटा पातेल्याचं झाकण. "हे झाकण माझं," मी म्हटलं. "ओट्यावरचं. मी वाजवलंय." आणि दुसरी पट्टी खाली ओढली. "ही माझ्या टाइपरायटरची घंटी." तिसरी खाली.

"म्हणजे मावशी घरी बसून झाकणं वाजवतात!" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि जे हसणं फुटलं ते खुर्च्यांवरून मागे मागे गेलं. सेक्रेटरीही हसले, सगळ्यांत मोकळे तेच. मी थांबले. कोर्टात हशा पिकला की पेन उचलून थांबायचं, तशी. कान मात्र जळत होते.

हसणं ओसरल्यावर म्हटलं, "ही दुसऱ्या दिवसाची पावलं. एका वेळी वर दोन माणसं कधीच चालली नाहीत." चौथी खाली.

पहिली तेवढी उरली. टक्. खर्रर्र. "हं, पाय उचला. उचला ना. शाब्बास."

कुणी हसलं नाही.

"आणि हेही नळाला यंत्र लावून घेतलंय. खोलीत ऐकू येतं ते इतकं." मी ती पट्टीही खाली आणत गेले, खाली, अगदी तळाशी. लोक पुढे झुकून ऐकायला लागले. रस्त्यावरच्या एका सायकलच्या घंटीत ते बुडून गेलं.

"पण आवाज येतो ना शेवटी?" सेक्रेटरी म्हणाले.

"येतो. माणूस चालला की येतो."

नोटीस मागे घेतली. पुरावा खोटा होता आणि तो मी तयार केला होता, असं मी इतिवृत्तात माझ्या शब्दांत लिहून घ्यायला लावलं. लिहिणाऱ्याने 'चुकीचा' लिहिलं होतं. मी ते खोडायला लावून 'खोटा' करून घेतलं.

माझ्याशी कुणी बोललं नाही. वरची बाई माझ्यासाठी लिफ्ट थांबवेल असं का कोण जाणे वाटलं होतं. ती जिन्याने गेली.

१३ मार्च, गुरुवार

गालिचा अजून तसाच असणार. वर काही नाही.

१७ मार्च, सोमवार

वर गेले. मशीन आणि दोन टेपा घेऊन.

तिने दार उघडलं. "या, बाई," म्हणाली. मावशी म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं असं मला वाटलं, हे लिहून ठेवते.

तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. मोठा हाडापेराचा माणूस, डाव्या मांडीवर डावा हात ठेवून दिल्यासारखा. गाडी चालवायला शिकवत असे, तिने सांगितलं. दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारण्यात आयुष्य गेलं. मी पुढे झाले तसा त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. सवयीनेच असावा.

"ऐकत नाहीत," ती म्हणाली. "नोटीस मागे घेतली तरी ऐकत नाहीत. डॉक्टर म्हणतात, पाय आखडत चाललाय."

"मला माफी मागायची आहे," मी त्याला म्हटलं, "पण ती मला जमत नाही. त्याऐवजी हे ऐका."

हेडफोन त्याच्या कानांवर मी बसवले. आधी जानेवारीची पहिली टेप. मग फेब्रुवारीतल्या सभेच्या आदल्या दिवशीची, जिच्यात तो न घासता सलग चालतो आणि ती टाळ्या वाजवते. त्याने दोन्ही शेवटपर्यंत ऐकल्या. उजव्या हाताने हेडफोन घट्ट धरून ठेवले होते.

"बरा..." तो म्हणाला. शब्द तोंडातून सुटायला वेळ लागतो त्याला. "बरा चालत होतो."

होतो, म्हणाला.

बाई स्वयंपाकघरात निघून गेली. आत नळ चालू झाला आणि बराच वेळ चालूच राहिला.

मी गुडघे टेकले आणि गालिचा गुंडाळायला लागले. जड होता. तो त्याच्या खुर्चीखाली अडकला होता. म्हटलं, "पाय उचला." त्याने उजवा उचलला. डाव्याकडे बघत बसला. मी वाट पाहिली. शेवटी मीच तो हाताने उचलून बाजूला ठेवला. पाय थंड होता.

गालिचा भिंतीला उभा केला आणि जाताना म्हटलं, "तीन वाजता मी खाली असते. आवाज आला नाही तर लेखी तक्रार करीन. माझ्या तक्रारी कशा असतात तुम्हाला माहीत आहे."

त्याच्या तोंडाचा उजवा कोपरा हलला. हसला की रागावला, समजायला मार्ग नाही.

१८ मार्च, मंगळवार

आवाज नाही. तक्रार लिहायला बसले. एका ओळीपुढे गेली नाही.

२० मार्च, गुरुवार

नाही.

२२ मार्च, शनिवार

आज ऐकू आलं.

आधी वॉकर टेकल्याचा आवाज. मग काही नाही, इतका वेळ काही नाही की मी हेडफोन तपासले. मग घासणं. लांबच लांब, मध्ये दोनदा थांबलेलं. मग टक्. तिचा आवाज नव्हता. ती श्वास रोखून उभी असावी. मग खुर्चीत धपकन बसल्याचा आवाज. एक पाऊल. संपलं.

जानेवारीची पहिली टेप काढून आजच्या शेजारी लावली. पुन्हा लावली. आजचं तिच्याहून वाईट आहे. जिथून सुरुवात केली होती त्याच्याही मागे गेलाय तो. यात माझी ऐकण्यात चूक नाही.

खडूला फोन केला.

"चालला?"

"चालला."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाही. पहिल्यापासून करावं लागणार त्याला, एवढंच सांगतेय."

"जमेल?"

"मला काय माहीत?"

कॅसेटवर तारीख घातली. दुसरी, तिसरी, चौथी पट्टी कोरीच राहील, त्यांच्यावर मी काही घेणार नाही. न्हाणीघरात नळाशी स्टूल नेऊन ठेवलंय. बाजारात जाऊन कोऱ्या कॅसेटचा आख्खा खोका आणला. त्याला लागेल तेवढी टेप माझ्याकडे आहे.